निळी बादली आणि अर्धवट फ्लश

आईच्या खोलीला लागून असलेल्या संडासात एक निळी बादली कायम भरलेली असायची. ती तिची सवय आहे असं मी धरून चालले होते. सदाशिव पेठेत उभं आयुष्य काढलेल्या बाईच्या अंगात ‘गुरुवारी पाणी बंद’ हे इतकं मुरलेलं असतं, की उंड्रीला आमच्याकडे राहायला आली तरी बुधवारी रात्री ती कळशी, पातेली, बादल्या भरून ठेवते. त्यामुळे त्या बादलीकडे माझं कधी लक्षच गेलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे बादली फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. दाराशी जाऊन हाक मारली तर आतून आई म्हणाली, “थांब, येते, एकदा ओतते फक्त.” तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. वाकून वजन उचलायचं नाही हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा कळलं, की फ्लश एकदा दाबून जात नाही. पाणी फिरतं, वर येतं, पण मैला राहतो. मग थोडा वेळ थांबायचं, परत दाबायचं, तरीही राहिलं तर बादली. “कधीपासून?” “दिवाळीपासून असेल गं.”

तीन महिने. मला फार वाईट वाटलं. तिने सांगितलं नाही कारण तिला त्याची लाज वाटत होती. तिचं लहानपण वाड्यातलं, मागच्या बोळात सगळ्या बिऱ्हाडांचे मिळून संडास, तेही टोपलीचे. पहाटे मैला उचलून नेणारी माणसं तिला अजून आठवतात. आपली घाण दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर राहू नये याबद्दल ती फार हळवी आहे, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. त्याच दिवशी ठरवलं, हे नीट करायचं.

पहिला प्लंबर आला. दोन मिनिटं बघितलं, फ्लश दाबला आणि म्हणाला, “ताई, पॉटच जुना झालाय, बदलून टाका.” नवीन पॉट, फरशी फोडणं, पांढरं सिमेंट, मजुरी असा चौदा हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. पॉट नऊ वर्षांचा आहे. चिनी मातीचं भांडं नऊ वर्षांत ‘जुनं’ कसं होतं, हे मी विचारलं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा म्हणाला, ट्रॅप म्हणजे पॉटचं खालचं वळण चोक झालंय. बाटलीभर अॅसिड ओतलं, सहाशे रुपये घेतले. घरात दिवसभर नाकाला झोंबणारा वास राहिला आणि फ्लश होता तसाच राहिला.

त्या संध्याकाळी जिन्यात शेजारचे काका भेटले. भोसरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्समध्ये काम केलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बादली ओतल्यावर जातं का?”

“जातं.”

“एका दमात ओतल्यावर? सगळं?”

“हो.”

“मग पाइप मोकळा आहे. पॉटही चांगला आहे. पाणी कमी पडतंय किंवा उशिरा पडतंय. टाकीचं झाकण उघडून बघ.”

एवढ्या एका प्रश्नात आमचे चौदा हजार वाचले. ही बादलीची परीक्षा कुणीही करू शकतं. दहा-बारा लिटर पाणी कमरेच्या उंचीवरून एकदम, पण भांड्याबाहेर उडणार नाही असं ओतायचं. सगळं सपकन निघून गेलं आणि तळाशी नेहमीएवढं पाणी राहिलं, तर पुढचा मार्ग मोकळा आहे, दोष फ्लशच्या बाजूला. पाणी वर चढून हळूहळू उतरलं, तर अडथळा पॉटच्या वळणात किंवा पुढच्या चार इंची पाइपात. त्याच वेळी बाथरूमच्या नहाणीतून गुडगुड आवाज येत असेल किंवा तिथून पाणी वर येत असेल, तर दोष आणखी पुढे, इमारतीच्या लाइनमध्ये किंवा खालच्या चेंबरमध्ये. मग ते आपल्या घरात बसून सुटणारं काम नाही. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर मागच्या वर्षी तसं झालं होतं आणि चेंबरमधून ओल्या वाइप्सचा गोळाच निघाला. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते कापड कागदासारखं पाण्यात विरघळत नाही.

काकांनी मला आणखी एक गोष्ट समजावली, ती आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आपल्या साध्या पॉटमध्ये मैला नेतो तो पाण्याचा लोंढा. सहा लिटर पाणी तीन-चार सेकंदांत एकदम आलं, तरच ते वळणावरून सगळं पलीकडे ढकलतं. तेच सहा लिटर दहा सेकंदांत आलं तर नुसतं वाहून जातं, आणि जड ते मागे राहतं. म्हणजे प्रश्न दोन: पाणी पुरेसं आहे का, आणि ते पुरेशा वेगाने येतंय का.

शनिवारी सकाळी टाकी उघडली. आमच्या टाकीवर वर दोन बटणं आहेत, एक अर्ध्या फ्लशचं, एक पूर्ण. बटणाभोवतीची कडी उलटी फिरवली की झाकण सुटतं. जोर लावून ओढायचं नाही, तेही चिनी मातीचं असतं आणि पडलं तर वेगळं मिळत नाही. झाकण जमिनीवर जुन्या टॉवेलवर ठेवलं. आत बघितलं आणि मी जागीच थबकले. टाकीत एक लिटरची प्लास्टिकची बाटली उभी होती. वाळू भरलेली.

ती मीच ठेवली होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी सोसायटीत टँकर कमी पडत होते तेव्हा पाणी वाचवायचा उपाय म्हणून कुणीतरी सुचवलं, आणि मी घरातल्या दोन्ही टाक्यांत बाटल्या ठेवल्या. उपाय मुळात खोटा नाही. पूर्वीच्या टाक्या दहा-बारा लिटरच्या असत, त्यातून एक-दोन लिटर कमी झाले तरी पॉट साफ होई. पण आमची टाकी आधीच कमी पाण्याची आहे, तिच्यावर आत ६/३ असा आकडा उठवलेला आहे: पूर्ण फ्लशला ६ लिटर, अर्ध्याला ३. त्या पॉटला सहाच्या सहा लागतात. त्यातून एक लिटर काढला की तो अडखळतो, माणूस दोनदा दाबतो, आणि वाचवलेल्या एका लिटरपायी पाच वाया जातात.

मला अंदाजावर विसंबायचं नव्हतं म्हणून मोजलं. पाण्याच्या पातळीवर आत पेन्सिलने रेघ मारली. भिंतीजवळचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा छोटा नळ, बंद केला, पूर्ण फ्लश दाबला, आणि लिटरच्या मापाने रेघेपर्यंत पाणी ओतत गेले. पावणेपाच लिटर. बाटली काढून तेच केलं तर साडेपाचच्या वर. तरी कंपनीने आतल्या बाजूला आखलेल्या खुणेपेक्षा पातळी बोटभर खाली होती. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो तो बॉलकॉक. त्याच्या उभ्या दांड्यावर एक प्लास्टिकचा स्क्रू असतो, तो दोन फेरे फिरवल्यावर पाणी खुणेला टेकलं. यापुढे चढवायचं नाही. मधल्या नळीच्या तोंडापेक्षा पाणी वर गेलं तर ते गुपचूप दिवसभर पॉटमध्ये वाहत राहतं.

अँगल कॉकही अर्धाच उघडा होता. रात्री टाकी भरताना सूं-सूं आवाज येतो म्हणून तोही मीच कधीतरी आवळला होता. त्यामुळे टाकी भरायला पाच मिनिटं लागत, आणि आई दुसऱ्यांदा दाबायची तेव्हा ती निम्मीच भरलेली असायची. तो पूर्ण उघडला. बॉलकॉकच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात बोअरच्या पाण्यातली रेती अडकली होती. जुन्या टूथब्रशने घासून काढली. आता टाकी दीड मिनिटात भरू लागली.

फ्लश दाबला. बराच बरा, पण पूर्ण नाही. पॉटमध्ये टाकलेल्या कागदाच्या गोळ्यांपैकी दोन-तीन अजून तळाशी फिरत होते.

म्हणजे पाणी पुरेसं झालं होतं, वेग नव्हता. टाकीतलं पाणी पॉटच्या कडेखालच्या पोकळीत जातं आणि तिथल्या छिद्रांतून आत पडतं. ही छिद्रं उभं राहून दिसत नाहीत, वाकूनही दिसत नाहीत. पाणी कुठून पडत नाही हे बघायला मी हातमोजा घालून हळदीचा पातळ लेप कडेच्या आतल्या बाजूला सगळीकडे लावला आणि फ्लश दाबला. उजव्या बाजूची हळद धुऊन गेली. डाव्या बाजूला आणि मागे रुंद पिवळे पट्टे तसेच राहिले. मग टॉर्च आणि माझा लहान आरसा घेऊन खालून बघितलं. छिद्रं सव्वीस. नीट उघडी अकरा. बाकीच्यांच्या तोंडावर पांढरट-तपकिरी दगड बसलेला, नखाने न निघणारा.

हा दगड म्हणजे क्षार. उंड्री २०१७ साली महापालिकेत आली, पण आमच्या सोसायटीचं बरंचसं पाणी अजून बोअरचं आणि टँकरचं. पुण्याखालचा खडक काळा पाषाण. त्यातून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, म्हणून ते जड. आईच्या पेठेत खडकवासल्याचं धरणाचं पाणी, ते मऊ. तिला इथे आल्यापासून डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही अशा तक्रारी होत्याच. त्याच पाण्याने तिचा फ्लश बुजवला होता.

पण मग आमच्या खोलीतला पॉट का नाही बुजला? पाणी तेच, वयही तेच. याचं उत्तर टाकीतच सापडलं. टाकीच्या पाण्यात खाण्याचा केशरी रंग टाकला आणि फ्लश न दाबता अर्धा तास थांबले. पॉटच्या मागच्या भिंतीवरून केशरी रेघ खाली उतरत होती. खालचा रबरी वॉशर कडक होऊन गळत होता. दिवसरात्र थेंब-थेंब पाणी छिद्रांतून झिरपायचं, तिथेच थोडं सुकायचं आणि क्षार मागे ठेवायचं. गळका वॉशर बदलल्याशिवाय छिद्रं कितीही साफ केली तरी ती पुन्हा बुजणार, हे दिसत होतं.

वॉशरसाठी जवळच्या दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही “पूर्ण सेट घ्या” म्हणून सांगितलं. शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. बस बदलून जावं लागतं, पण ज्याला सुटा नट, सुटा वॉशर, सुटी स्प्रिंग हवी त्याने तिथेच जावं. माझ्याकडे जुना वॉशर रुमालात बांधलेला होता. दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी तो हातात घेतला, बोटाने दाबून पाहिला, मागच्या फळीवरचा डबा काढला आणि तीन वॉशर माझ्या वॉशरवर ठेवून बघितले. तिसरा तंतोतंत बसला. “माप सांगून कधी घेऊ नका, वस्तू घेऊन या,” म्हणाले. चाळीस रुपये. तिथल्याच पुढच्या गल्लीत अर्धा किलो लिंबूसत्त्व घेतलं.

अॅसिडबद्दल इथे मला जरा थांबून बोलायचंय. प्लंबरने ओतलेलं अॅसिड वाया गेलं, कारण ते पॉटच्या तळाच्या पाण्यात गेलं. दगड वर कडेखाली होता, तिथे एक थेंबही पोहोचला नाही. शिवाय त्या तीव्र अॅसिडने नळाचं चकचकीत पॉलिश आणि फरशीच्या सांध्यांमधलं सिमेंट खराब होतं, आणि त्याची वाफ छातीत जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं कुठलंही द्रव एकत्र कधीही येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. एक टाकून काम झालं नाही म्हणून त्यावर दुसरं टाकणं ही फार सहज होणारी चूक आहे. लिंबूसत्त्व सौम्य असलं तरी तेही अॅसिडच, त्याच्याबाबतीतही हाच नियम. मी सुरुवात करण्याआधी दोन दिवस कुठलंही क्लीनर वापरलं नाही आणि भरपूर पाणी ओतून घेतलं.

दोनशे ग्रॅम लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्यात विरघळवलं. कोमटच, उकळतं नाही. उकळत्या पाण्याने चिनी माती तडकते. अँगल कॉक बंद, टाकी रिकामी. मग दोन बाजूंनी हल्ला. टाकीतल्या मधल्या उभ्या नळीचं तोंड थेट कडेखालच्या पोकळीत उघडतं, तिच्यातून अर्धं द्रावण हळूहळू ओतलं. उरलेल्यात टिश्यू पेपरच्या जाड वाती भिजवल्या आणि कडेखाली, छिद्रांना घट्ट लागतील अशा, गोल फिरवून बसवल्या. थोड्या वेळाने कान जवळ नेला तर बारीक फसफस ऐकू येत होती. क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा तो आवाज. रात्रभर तसंच ठेवलं. आईला आमच्या खोलीतला संडास वापरायला सांगितलं.

सकाळी वाती काढल्या. दगड मऊ, खडूसारखा झाला होता. विजेच्या जाड तांब्याच्या वायरचा तुकडा टोकाला वाकवून एकेका छिद्रात फिरवला. लोखंडी तार किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नये, त्याने वरची चकाकी ओरखडते आणि मग तिथे घाण जास्त धरते. तांदळाच्या कण्यांएवढे तुकडे पडत होते. सव्वीसपैकी एकोणीस उघडली. हाताला रग लागली, मान अवघडली, पण आरशात एकेक काळं छिद्र गोल उघडलेलं दिसलं की पुढच्याकडे वळायचा हुरूप यायचा. दुसऱ्या रात्री पुन्हा वाती. तिसऱ्या दिवशी पंचवीस. एक मागचं शेवटपर्यंत निघालं नाही, ते सोडून दिलं.

मग वॉशर. टाकीतला फ्लशचा उभा भाग आमच्या टाकीत पाव फेरा फिरवून वर उचलला की निघतो, वॉशर त्याच्या बुडाला असतो. बसण्याची कडा ओल्या फडक्याने पुसून घेतली, कारण तिथेही क्षाराची रेघ होती. नवा वॉशर ताणून बसवला, पाणी भरलं, केशरी रंग टाकला. तासभर थांबले. पॉटमधलं पाणी स्वच्छ.

काकांना बोलावलं. दहा कागदी गोळे टाकून मी फ्लश दाबला. पाणी आता चहूबाजूंनी एकसारखं उतरलं, मधोमध एकत्र आलं, आणि तो खोल ‘घळक्’ आवाज आला, जो कित्येक महिन्यांत या संडासातून आला नव्हता. एकही गोळा राहिला नाही. पुन्हा एकदा केलं. पुन्हा सगळं साफ. काका म्हणाले, “आता हिशेब कर.” तो मी रात्री केला. आईच्या संडासात दुसरा फ्लश आणि बादली मिळून दिवसाला पंचाहत्तर लिटर तरी जादा जात होते. महिन्याला सव्वादोन हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर साडेचार महिन्यांत केवळ एका संडासाच्या अर्धवट फ्लशपायी गेला असता.

सगळा खर्च: वॉशर चाळीस, लिंबूसत्त्व एकशे वीस, बसचं भाडं. प्लंबरला दिलेले सहाशे वेगळे.

आई आत गेली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले. तो ‘घळक्’ आवाज आला आणि पाठोपाठ दार उघडलं. “एकदाच दाबलं हं,” ती म्हणाली. निळी बादली आता गॅलरीत तुळशीपाशी असते, आणि बुधवारी रात्री ती अजूनही तिथेच भरून ठेवते.

आमच्या खोलीतल्या टाकीतली बाटली मी त्याच दिवशी काढली. आरसा लावून बघितलं तर तिथेही चार छिद्रांच्या तोंडाशी पांढरं धरायला लागलंय. अर्ध्या किलोतलं शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व उरलंय. चार छिद्रांना तेवढं पुरेल. या शनिवारी रात्री तिथे वाती बसवणार आहे.